बोटीने कोची: कुठल्या धक्क्यावरून चढायचं, आधी कुठे उतरायचं, परत कसं यायचं

दर डिसेंबरात आमच्या एर्नाकुलमच्या घरी पाहुण्यांचा राबता असतो. पुण्याहून, कोल्हापूरहून, माझ्या माहेरून रत्नागिरीहून माणसं येतात. सकाळी उत्साहाने कोची बघायला निघतात आणि संध्याकाळी दमून परत येतात. तक्रार दरवर्षी तीच: "सिनेगॉग बंद होतं आणि निम्मा दिवस गाडीतच गेला." (सिनेगॉग म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ.) दिवसभराची गाडी ठरवायची, पुलावरून वळसा घालून दहा-बारा किलोमीटर जायचं, वाटेत तोप्पुंपडीच्या गर्दीत अडकायचं आणि भर उन्हात चिनी जाळ्यांसमोर (किनाऱ्यावरची मासेमारीची भली मोठी जाळी) उभं राहायचं, असा सगळ्यांचा कार्यक्रम. पाण्यावरून हेच अंतर वीस मिनिटांचं आहे. म्हणून पाहुण्यांना तोंडी सांगत आले ते इथे क्रमाने लिहिते आहे. क्रम मोडू नका. बहुतेक घोटाळे क्रम मोडल्यामुळेच होतात.

१. आधी नकाशा डोक्यात बसवा

तिकीट काढण्याआधी पाच मिनिटं यासाठी द्या. मधे खाडीचं पाणी आहे. पूर्वेला एर्नाकुलम, म्हणजे रेल्वे स्टेशनं, मेट्रो, हॉटेलं, ऑफिसं. पश्चिमेला जमिनीची एक लांबट पट्टी, तिच्या उत्तर टोकावर फोर्ट कोची आणि आतल्या, खाडीच्या बाजूला मट्टांचेरी. दोन्हींच्या मधे विलिंग्डन बेट, बंदराच्या गाळातून माणसांनी उभं केलेलं. फोर्ट कोचीच्या समोर, उत्तरेला वायपिन बेट. फोर्ट कोची आणि वायपिन यांच्या मधल्या तोंडातून मोठी जहाजं आत-बाहेर करतात.

बघायची ठिकाणं पश्चिमेला आणि तुमचा मुक्काम बहुधा पूर्वेला, एवढं ध्यानात राहिलं तरी पुढचं सोपं आहे. "कोचीला उतरलो" असं म्हणणारा माणूस नव्वद टक्के वेळा एर्नाकुलमला उतरलेला असतो.

२. वार ठरवा

सोमवार ते गुरुवार यांतला कुठलाही दिवस घ्या. मट्टांचेरी पॅलेस, ज्याला सगळे डच पॅलेस म्हणतात, तो शुक्रवारी बंद असतो. इथलं सिनेगॉग, त्याचं नावच "परदेशी सिनेगॉग", शुक्रवार-शनिवार धरायचंच नाही. रविवारी दोन्ही उघडी असतात, पण त्या दिवशी अख्खं एर्नाकुलम मुलाबाळांना घेऊन फोर्ट कोचीला जातं आणि परतीच्या रांगेत तुमचा तास जातो.

ज्यूंच्या सणांनाही सिनेगॉग बंद असतं. त्यांचे मोठे सण सप्टेंबर-ऑक्टोबरात आणि मार्च-एप्रिलमध्ये येतात, म्हणजे नेमके आपल्या सुट्ट्यांच्या आसपास. त्या महिन्यांत येणार असाल तर हॉटेलवाल्याला आदल्या दिवशी फोन करून विचारायला सांगा.

> सावधान: ३१ डिसेंबरला दुपारनंतर फोर्ट कोचीला जाऊ नका, लहान मुलं किंवा म्हातारी माणसं बरोबर असतील तर मुळीच नाही. मध्यरात्री तिथे पप्पांजीचा, म्हणजे सरत्या वर्षाच्या म्हाताऱ्याचा, भला मोठा पुतळा जाळतात. लाखभर माणसं चिंचोळ्या गल्ल्यांत असतात आणि परत यायला वाहन मिळत नाही.

पावसाळ्याबद्दल दोन शब्द. जून ते सप्टेंबर बोटी चालू असतात, पण जोराच्या वाऱ्यात फेऱ्या थांबवतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरचा पाऊस वेगळा. सकाळ लख्ख असते, दुपारी तीन-चारच्या सुमारास ढग जमतात आणि विजांसकट कोसळतो. त्या दिवसांत सगळा कार्यक्रम दोन तास अलीकडे ओढा. पाऊस पडून पाण्याचा खारटपणा उतरला की खाडीत जलपर्णीचे हिरवे गालिचे वाहत येतात. बोट त्यातून सावकाश जाते. वेळेला थोडी ढील ठेवा.

> तपासा: आदल्या रात्री "उद्या हरताळ आहे का?" एवढं विचारून घ्या. केरळात हरताळ म्हणजे खरोखरच सगळं बंद.

३. सामान आणि कपडे

मोठ्या बॅगा हॉटेलवर किंवा स्टेशनच्या क्लोक रूममध्ये. पाठीवर एकच लहान पिशवी: पाणी, छत्री, टोपी, रुमाल आणि दहा-वीसच्या सुट्या नोटा. सरकारी बोटीचं तिकीट अगदी किरकोळ असतं आणि खिडकीवर पाचशेची नोट पुढे केली की मागची रांग तुमच्याकडे बघायला लागते.

खांदे आणि गुडघे झाकतील असे कपडे घाला. आखूड पॅन्टमुळे सिनेगॉगच्या दारातून परत फिरलेले दोन भाचे मी स्वतः पाहिले आहेत. चपला चटकन काढता-घालता येतील अशा असाव्यात, पण बोटीत चढताना घसरणार नाहीत अशाही.

४. धक्का ओळखा: सगळ्यात जास्त चूक इथेच होते

एर्नाकुलमच्या किनाऱ्यावरून दोन वेगवेगळ्या व्यवस्थांच्या बोटी सुटतात. त्यांचे धक्के एकमेकांपासून चांगले दीड-एक किलोमीटर लांब आहेत. रिक्षावाल्याला नुसतं "बोट" म्हणालात तर तो त्याच्या समजुतीने कुठेतरी सोडेल.

*सरकारी बोट.* राज्य जलवाहतूक खात्याची. सुटते मेन बोट जेट्टीवरून, सुभाष पार्कजवळ. वर्षानुवर्षं कामावर जाणारी, बाजाराला जाणारी माणसं हिने येतात-जातात. उघड्या खिडक्या, लाकडी किंवा पत्र्याची बाकं, वारा थेट तोंडावर. धक्क्यावर बऱ्याचदा पाट्या मल्याळममध्येच असतात. म्हणून पाटी वाचायचा खटाटोप न करता खलाशाला सरळ विचारा: "फोर्ट कोची पोगुमो?" म्हणजे "फोर्ट कोचीला जाईल का?" पुढे "चेट्टा" लावा, म्हणजे दादा, बाई असेल तर "चेची". लगेच मदत मिळते.

*वॉटर मेट्रो.* २०२३ च्या एप्रिलमध्ये सुरू झाली. सुटते हायकोर्ट टर्मिनलवरून, मरीन ड्राइव्हच्या उत्तर टोकाला. बॅटरीवर चालणारी, वातानुकूलित, काचेच्या मोठ्या खिडक्यांची बोट, इथल्याच कोचीन शिपयार्डमध्ये बांधलेली. फोर्ट कोचीपर्यंत तिकीट ४० रुपये. एका बोटीत १०० माणसं, मोजून. शंभरावा माणूस आत गेला की फाटक बंद. तुमच्यातले दोघं आत आणि तिघं बाहेर राहिले तरी ते उघडत नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

कुठली घ्यायची? गुडघे दुखणारं माणूस, बाळाची गाडी किंवा व्हीलचेअर बरोबर असेल तर प्रश्नच नाही, वॉटर मेट्रो. तिचा फलाट तरंगता आहे. भरती असो की ओहोटी, तो बोटीच्या पातळीलाच राहतो आणि तुम्ही घरातल्या उंबऱ्यासारखं आत पाऊल टाकता. सरकारी बोटीत ओहोटीच्या वेळी चांगली हातभर उडी पडते. बाकी धडधाकट मंडळींना मी सांगते, जाताना एक घ्या, येताना दुसरी. कोचीतली माणसं रोज पाण्यावर कशी जगतात ते सरकारी बोटीतच दिसतं.

> सावधान: मरीन ड्राइव्हवर "फोर्ट कोची, फोर्ट कोची, बोट टूर" म्हणत मागे लागणारे असतात. त्यांची खाजगी सहलीची बोट असते. ती तासभर बंदरात फिरवून बहुतेक वेळा जिथून नेलं तिथेच आणून सोडते. फिरायला वाईट नाही, पण तो प्रवास नव्हे. तिकीट फक्त धक्क्यावरच्या खिडकीवर काढा; वॉटर मेट्रोचं कोची वन ॲपवरही मिळतं.

५. चढणं, बसणं, उतरणं

सरकारी बोट धक्क्याला लागते तो क्षण नीट बघा. खलाशी दोराचा फास खुंटाला टाकतो, दोर कुरकुरत ताणतो, बोट एकदा धक्क्याला आपटते, मागे सरते आणि मग परत लागते. नवखी माणसं पहिल्या आपटीला पाय टाकतात. तो टाकायचा नाही. बोट दुसऱ्यांदा लागून दोर आवळला गेला, उतरणारे उतरले, की मग चढायचं. आधी मुलं आणि वयस्कर, त्यांचा हात खलाशाच्या हातात द्या. ती माणसं रोज हेच करतात, संकोच करू नका.

आत गेल्यावर दरवाज्यात थांबू नका. फोर्ट कोचीला जाताना डावीकडे विलिंग्डन बेट दिसतं. उजवीकडे बोळगट्टी आणि त्यापुढे वल्लारपाडमच्या कंटेनर टर्मिनलच्या उंच क्रेन. जागा मिळाली तर उजवी बाजू धरा. सुकाणूवर बसलेल्या माणसाला इथे "स्रांक" म्हणतात. आपल्याकडच्या "सारंग"चाच तो भाऊ, आणि रत्नागिरीच्या माणसाला हे ऐकून घरी आल्यासारखं वाटतं.

तीन गोष्टी पाळा. डॉल्फिन दिसला म्हणून सगळ्यांनी एका बाजूला धावायचं नाही. बंदराच्या तोंडाशी ते दिसतात, बसल्या जागेवरून दिसतात. नौदलाच्या जहाजांचे आणि तळाचे फोटो काढायचे नाहीत, मनाई आहे. आणि जीवरक्षक जॅकेटं कुठे आहेत ते बसल्याबरोबर बघून ठेवायचं. २०१५ च्या ऑगस्टमध्ये फोर्ट कोची आणि वायपिनच्या मधे मासेमारी बोटीची धडक बसून प्रवासी बोट बुडाली आणि ११ माणसं गेली. काठ हाकेच्या अंतरावर होता. म्हणून सांगते, अंतर कमी आहे म्हणून गाफील राहू नका.

> तपासा: काही सरकारी बोटी वाटेत विलिंग्डन बेटावर थांबतात. पाच-सहा माणसं उठली की पर्यटकही उठतात आणि भलतीकडेच उतरतात. उतरण्याआधी शेजारच्याला "फोर्ट कोची?" किंवा "मट्टांचेरी?" एवढं विचारा.

६. आधी मट्टांचेरी, मग फोर्ट कोची

या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. जवळजवळ सगळे उलटं करतात. बोटीतून फोर्ट कोचीला उतरतात, जाळ्यांपाशी रेंगाळतात, चर्च बघतात, जेवतात आणि दुपारी दीडला सिनेगॉगच्या बंद दारासमोर उभे राहतात. सिनेगॉग सकाळी दहाला उघडतं आणि दुपारी एक ते तीन बंद असतं. जाळ्यांना मात्र दार नाही, आणि त्यांची शोभा मावळतीच्या उजेडात.

मट्टांचेरीला वॉटर मेट्रोचं टर्मिनल २०२५ च्या ऑक्टोबरात सुरू झालं. डच पॅलेस आणि सिनेगॉग तिथून चालत गाठता येतात. या मार्गाच्या फेऱ्या फोर्ट कोचीपेक्षा विरळ आहेत, म्हणून आदल्या संध्याकाळी वेळ बघून ठेवा. सरकारी बोटीने जायचं तर मट्टांचेरीची फेरी आज चालू आहे ना, हे खिडकीवर विचारा. तिथल्या धक्क्यापाशी गाळ साचतो आणि त्यापायी ती पूर्वी लांबलचक बंद राहिलेली आहे. बोट जुळलीच नाही तर फोर्ट कोचीला उतरून, कशाकडेही न बघता, रिक्षाने थेट मट्टांचेरीला या. दहा-पंधरा मिनिटं लागतात.

तिथला क्रम असा:

- दहाच्या ठोक्याला सिनेगॉग. १५६८ सालचं आहे. जोडे बाहेर. आत गेल्यावर मान वर करून झुंबरं सगळेच बघतात. तुम्ही खाली बघा. निळ्या-पांढऱ्या चिनी फरश्या हाताने रंगवलेल्या आहेत. दोन शेजारच्या फरश्यांवरची झाडं नीट न्याहाळलीत तर फांद्यांचे फटकारे वेगवेगळे दिसतात.
- मग पॅलेस. तासभर तरी द्या. रामायणाची भित्तिचित्रं आतल्या शयनगृहात आहेत, अंधुक उजेडात. डोळे सरावायला दोन मिनिटं उभं राहा. बाहेरून साधा वाडा दिसतो म्हणून अनेक जण दारावरूनच परत फिरतात, ते टाळा.
- शेवटी ज्यू टाउनची गल्ली आणि मसाल्याची दुकानं. पहिल्याच दुकानात वेलदोडे घेऊ नका. मूठभर हातात घ्या, एक दाणा फोडून वास बघा, तीन दुकानं फिरा, मग घ्या.

७. मट्टांचेरीहून फोर्ट कोची: बाजार रस्त्याने चाला

अंतर दोन-अडीच किलोमीटर. रिक्षा मिळते, पण पाय धड असतील तर बाजार रस्त्याने चालत जा. जुन्या वखारी, सुंठीचा आणि मिरीचा वास, हातगाड्या, पाठीवर पोती घेतलेले हमाल. हातगाडीला वाट द्यायची. रस्ता त्यांचा आहे, आपण पाहुणे.

ज्यांना वेळ आहे त्यांनी चेर्लाईकडे वाकडी वाट करावी. तिथे शतकांपासून कोकणी बोलणारी सारस्वत कुटुंबं राहतात आणि त्यांचं तिरुमल देवस्थान तिथेच आहे. केरळातल्या गल्लीत अचानक कोकणी कानावर पडली तेव्हा माझी सासू जागच्या जागी थांबली होती. शेजारच्या दोघी मासळीच्या भावावरून बोलत होत्या आणि तिला सगळं कळत होतं. देवळात जायचं तर पुरुषांनी सदरा काढायची तयारी ठेवावी.

> सावधान: रिक्षावाला फारच स्वस्तात "सगळं दाखवतो" म्हणाला तर तो तुम्हाला कमिशनच्या दुकानांत फिरवणार. चढण्याआधी ठिकाण आणि भाडं दोन्ही ठरवा, आणि "नो शॉप" एवढं स्पष्ट सांगा.

८. जाळी, चर्च, किनारा

हे थोडक्यात. दुपारचं ऊन सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये काढा; वास्को द गामाला आधी जिथे पुरलं ती जागा आत आहे. मग सांताक्रूझ बॅसिलिका. साडेचार-पाचला जाळ्यांकडे. दगड बांधलेले दोर, एका टोकाला चार-पाच माणसं, पलीकडे पाण्यातून वर येणारं भलं मोठं जाळं. कुणी "या, ओढा" म्हणून वर बोलावलं तर आनंदाने जा, पण नंतर पैसे द्यायचे असतात हे धरून चला आणि आकडा आधी विचारा. शेजारी मासळी विकत घेऊन शिजवून मिळते. वजन तुमच्या डोळ्यांसमोर, शिजवायचे पैसे वेगळे, दोन्ही आधीच बोला.

कथकली बघायची असेल तर खेळाच्या तासभर आधी पोचा. रंग चढवताना बघणं हा निम्मा खेळ आहे. मात्र मग परतीची शेवटची बोट हातची जाईल, हे गृहीत धरा.

९. परतीचा प्रवास: पायांपेक्षा डोकं वापरा

फोर्ट कोचीला पोचल्याबरोबर, म्हणजे जाळ्यांकडे वळण्याआधी, धक्क्यावर जाऊन परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ विचारा आणि फोटो काढून ठेवा. वेळापत्रक बदलत असतं. गेल्या वर्षीच्या कुणाच्या तरी अनुभवावर विसंबू नका. आणि शेवटच्या बोटीवर डाव लावू नका, तिच्या आधीची धरा. सूर्य बुडाला की किनाऱ्यावरची सगळी माणसं एकदमच धक्क्याकडे वळतात.

माझे आईवडील पहिल्यांदा आले तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं. रविवारची संध्याकाळ होती, रांगेत आमच्या पुढे दोनशेच्या वर माणसं. दोन बोटी भरून गेल्या. आईचे पाय सुजलेले, तिने रस्त्याच्या कठड्यावर बसकण मारली आणि मला म्हणाली, "तू गाडी बोलाव." गाडी चाळीस मिनिटं आलीच नाही. मागे उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी बोटाने शेजारचा धक्का दाखवला आणि म्हणाले, "जंकार, वायपिन, मेट्रो." आम्ही दीड तास ज्याच्यासाठी ताटकळलो ते या तीन शब्दांत होतं.

जंकार म्हणजे रो-रो, माणसं आणि गाड्या एकत्र नेणारी सपाट बोट. २०१८ पासून फोर्ट कोची आणि वायपिनच्या मधे चालते. पाचेक मिनिटांत पलीकडे. तेव्हा फोर्ट कोचीची रांग लांब दिसली की हे करा:

1. रो-रोने वायपिनला जा. पायी माणसांना सहसा जागा मिळते, रांग असते ती गाड्यांची.
2. वायपिनच्या वॉटर मेट्रो टर्मिनलवरून हायकोर्टची बोट घ्या. फोर्ट कोचीसारखी गर्दी तिथे नसते.
3. तीही भरलेली असली तर बाहेर येऊन एर्नाकुलमची बस पकडा. गोश्री पुलांवरून ती हायकोर्टापाशी आणते.

> सावधान: रो-रोवर गाड्यांच्या मधून चालू नका आणि पुढच्या उताराच्या फळीवर उभं राहू नका. बोट लागली की ती फळी हलते आणि दुचाक्या सगळ्यात आधी सुटतात. बाजूला कठडा धरून थांबा. रो-रोच्या बोटी मोजक्याच आहेत. एखादी दुरुस्तीला गेली की खोळंबा होतो, तेव्हा रांगेला लागण्याआधी आज किती चालू आहेत ते विचारा.

१०. रात्रीची गाडी असेल तर

त्याच रात्री रेल्वेने निघणाऱ्यांसाठी हे शेवटचं. एर्नाकुलमला दोन मोठी स्टेशनं आहेत: जंक्शन, ज्याला इथे सगळे "साउथ" म्हणतात, आणि टाउन, म्हणजे "नॉर्थ". तिकिटावर ईआरएस असेल तर साउथ, ईआरएन असेल तर नॉर्थ. रिक्षात बसण्याआधी तिकीट काढून अक्षरं वाचा. सकाळी साउथला उतरलात म्हणून गाडीही तिथूनच असेल असं नाही. कोकण रेल्वेच्या गाड्यांच्या वेळा पावसाळ्यात बदलतात, त्याही त्याच वेळी बघून घ्या. हायकोर्टावर उतरल्यापासून गाडी सुटेपर्यंत हातात दोन तास ठेवा: एक रस्त्यासाठी, एक क्लोक रूममधल्या बॅगांसाठी आणि जेवणासाठी.